लिंबूटिंबूचं नाव

गेम विकत घ्यायचा असेल तर आधी त्यात हरून बघा. जिंकताना सगळेच गेम गोड बोलतात. हरल्यावर तो तुमची चूक दाखवतो की नुसता खिजवतो, पुन्हा उभं राहायला वाव देतो की तिष्ठत ठेवतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो. हरूनही पुन्हा खेळावंसं वाटलं तरच पाकिटाला हात घाला. हा सल्ला मी इचलकरंजीत दुकानाच्या काउंटरमागं बसून वर्षानुवर्षं फुकट देत आलेय, आणि दर गुरुवारी पेपरातल्या माझ्या सदरातही लिहिते. सदराचं नाव 'कुठला गेम घेऊ?' लोक ते मन लावून वाचतात आणि शेवटी पोरानं हट्ट धरलेला गेमच घेऊन जातात.

मी त्रिशला मगदूम. साठीला टेकलेय. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, दुकानाच्या भानगडीत पडले. खाली दुकान, वर घर, आणि गावात नाव 'गेमवाली अक्का'. खरं तर अक्का म्हणायचा हक्क एकाचाच. तो आदिनाथ, आमचा आदू, माझ्या पाठचा भाऊ. तो फिनलंडमध्ये एका गेम कंपनीत काम करतो आणि तिकडंच राहतो.

आम्ही जैन, घरात सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. आदू तिकडं गेला त्या पहिल्या डिसेंबरात त्यानं फोनवर सांगितलं, इथं दुपारी तीनलाच मावळतो. आई हबकली. पोरगं दुपारी जेवून उद्यापर्यंत उपाशी राहतंय की काय, याची तिनं आठवडाभर काळजी केली. जूनमध्ये जवळजवळ मावळतच नाही म्हटल्यावर म्हणाली, मग तेव्हा भरून काढ म्हणावं त्याला. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर म्हणावं असं आम्हा दोघांत जे उरलं होतं, ते रविवारी संध्याकाळी भेटायचं, आणि तेही एका गेममध्ये.

तो गेम आम्हीच बनवला होता. डबा ऐसपैस. एकावर राज्य, बाकीचे लपणार. ज्याच्यावर राज्य त्यानं लपलेला दिसला की त्याचं नाव घेऊन 'ऐसपैस' म्हणायचं आणि धावत येऊन डब्यावर पाय ठेवायचा. त्याच्या आधी लपलेल्यानं येऊन डबा उडवला की शोधणाऱ्यावरच पुन्हा राज्य, नाहीतर आउट झालेल्यावर. आमच्या गल्लीत पोरं पंधरा-वीस असायची, गेममध्ये आम्ही दोघं आणि बाकीची पोरं कॉम्प्युटरची. चार डाव झाले की राज्य आपोआप बदलायचं, म्हणजे एकाच माणसाचा पिट्ट्या पडू नये.

गल्ली आदूनं आठवून आठवून बांधली. आवाज माझे. गेम बनवणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगते, आधी आवाज करा, चित्रं मागनं येतील. आमच्या गल्लीतले शेवटचे यंत्रमाग भंगारात निघाले त्याच्या आदल्या आठवड्यात मी जाऊन त्यांचा खडखडाट टिपून आणला होता. गेममध्ये माग चालू असेपर्यंत तुमची पावलं कुणाला ऐकू येत नाहीत. मधेच वीज जाते, माग थांबतात, आणि एकदम इतकी शांतता होते की चप्पल घासली तरी सापडलात. हा नियम माझा, आणि मला त्याचा अजून गर्व आहे. दुसरा नियमही माझाच. नाव बटण दाबून घ्यायचं नाही, तोंडानं मोठ्यानं घ्यायचं. गल्लीत तसंच होतं. एरवी आदू मला अक्का म्हणायचा, पण डाव चालू असताना अक्का-बिक्का नाही, नुसतं त्रिशला. धाकट्यांना थोरल्यांचं नाव घ्यायची मुभा तेवढ्या वेळेपुरतीच मिळायची, आणि पोरं ती पुरेपूर वसूल करायची.

आदूला मात्र ती मुभा फार उशिरा मिळाली, कारण तो लिंबूटिंबू होता. आई म्हणायची त्याला घेतलंस तरच तू जायचंस, म्हणून घ्यायचो. तो लपायचा, धावायचा, घामाघूम व्हायचा. पण त्याचं शर्टाचं टोक भिंतीआडून दिसत असलं तरी कोणी त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्यावर कधी राज्य यायचं नाही. आणि हे त्याला कोणी सांगायचं नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. सांगितलं तर लिंबूटिंबू रडतो आणि डाव मोडतो.

चार वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आदूनं कंपनीत बनलेला एक मनगटी पट्टा पाठवला. त्यातलं शास्त्र समजायला अवघड नाही. बोट हलवायचं असं मेंदूनं ठरवलं की तो निरोप मज्जातंतूंतून हाताच्या स्नायूंपर्यंत येतो, आणि स्नायू आखडायच्या आधी क्षणभर तिथं अगदी सूक्ष्म वीज खेळते. पट्ट्यातले सेन्सर कातडीवरून ती वीज टिपतात. बोट बटणावर पोचायच्या आधीच यंत्राला कळलेलं असतं की कुठलं बोट काय करणार आहे. आता कंपवाताची थरथर एका लयीत येते, सेकंदाला चार-सहा ठोके. माणसाच्या इच्छेला अशी लय नसते. त्यामुळं तांदळातले खडे वेचावेत तशी यंत्राला थरथर बाजूला काढता येते, आणि मागं उरते ती तुमची खरी हालचाल. पट्टा बांधून मी पहिल्यांदा खेळले तेव्हा पडद्यावरची माझी पोरगी भिंतीवर सरळ चढली आणि मला हुंदका फुटला.

पट्ट्याची दुसरी करामत नंतर आली. तुम्ही जितके खेळाल तितकं यंत्र तुम्हाला शिकतं. कुठं वळता, कधी थांबता, घाबरल्यावर कुठल्या बाजूला पळता. मग हात चुकला तर ते चूक दुरुस्त करतं, उशीर झाला तर उशीर भरून काढतं. तुमचा हात धड असता तर तुम्ही काय केलं असतं, ते यंत्र तुमच्या वतीनं करतं, आणि इतक्या बेमालूम करतं की ते आपणच केलं असं वाटतं. याला मराठीत काय म्हणावं असं आदूनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'हातभार' म्हण. त्यांना ते आवडलं, आणि तेच नाव सगळीकडं गेलं. हातभार लावायचा का, किती लावायचा, हे ज्यानं खेळ मांडला त्यानं ठरवायचं. आमचा खेळ आदू मांडायचा. तुझ्या पट्ट्यात फक्त थरथर गाळायची सोय चालू ठेवलीय, असं त्यानं मला सांगितलं होतं.

दुकानात हातभाराचे पट्टे धडाधड खपले. मीच सदरात त्याची तारीफ लिहिली होती. हात अधू झालेली माणसं नातवंडांबरोबर खेळायला लागली, त्यांनी मला पेढे आणून दिले. मग धडधाकट लोकही घ्यायला लागले, मग शाळकरी पोरं. वर्षभरात असं झालं की गावात कोणी हरेनासं झालं. पोरं गेम आज न्यायची आणि परवा परत आणायची. काय रे, आवडला नाही का विचारलं तर खांदे उडवायची. जिंकलो की, म्हणायची. मी त्यांना माझा नेहमीचा सल्ला दिला, आधी हरून बघा, तर एक कारटं म्हणालं, कसं हरायचं ते सांगा ना मग. मी हसले. तेव्हा मला ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं.

स्वतःचा गेम मी कधी हरून बघितला नव्हता. घरच्या माणसाची कोण परीक्षा घेतं? आणि मला वाटत होतं, मी खेळतेच तशी. गेली दोन वर्षं मी एकदाही सापडले नव्हते. डबा उडवायचे, आदू कपाळाला हात लावायचा, आणि मग तासभर डाव आणि गप्पा एकदमच चालायच्या. त्याच्याकडची थंडी, माझे गुडघे, त्याची बायको एलिना आणि तिची भाजी न घालता केलेली सुपं. समोरासमोर बसलो असतो तर इतकं बोललो नसतो. माझा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंत असायचा.

मग त्या जानेवारीत आदू आणि एलिना वेगळे झाले. त्यानं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि राज्य घेऊन डोळे मिटले. त्याचा आवाज कोरडा पडला होता. मला इथून काय करता येणार होतं? जवळ असता तर गरम पोळी-भाजी करून वाढली असती. मी ठरवलं, आज याला जिंकू द्यायचं. एवढं तरी.

सूत गुंडाळलेल्या बीमांमागं मी लपले होते. वीज गेली, माग थांबले, आदूची पावलं जवळ आली. मी मुद्दाम उघड्यावर यायचं बटण दाबलं. माझी पोरगी हलली नाही. मला वाटलं, गोळीचा अंमल कमी झाला असेल. पुन्हा दाबलं. ती आणखी आत सरकली. मी डावीकडं जायचं म्हटलं की ती उजवीकडं, पुढं म्हटलं की मागं. यंत्राला ठाऊक होतं की त्रिशला मगदूम अशा वेळी बाहेर येत नाही, म्हणून माझी प्रत्येक हालचाल चूक समजून ते निमूटपणे सुधारत होतं. शेवटी मी हात मांडीवर काढून ठेवले आणि तोंडानं नुसतं 'अगं ये ना बाहेर' म्हणत बसले. पोरगी आदूच्या पाठीमागनं वाऱ्यासारखी धावली आणि तिनं डबा उडवला.

आदूनं नेहमीसारखा कपाळाला हात लावला. म्हणाला, तुझ्यापुढं काय खरं नाही अक्का.

"आदू," मी विचारलं, "हातभार लावलायस?"

त्यानं कपाळावरचा हात खाली घेतला.

"किती?"

"जवळजवळ सगळा."

"कधीपासनं?"

"तू यायचं बंद केलंस तेव्हापासनं."

ते खरं होतं. थरथर गाळूनही माझा हात मंदावला होता. दोन वर्षांपूर्वी मी ओळीनं कितीतरी डाव हरले, आणि मग मला रविवारी कामं निघायला लागली. कधी पाहुणे, कधी दुकानात माल. हरून बघा म्हणून जगाला सांगणारी मी. महिनाभर असं गेलं, आणि एका रविवारी आदूनं फार आग्रह केला म्हणून गेले तर मी जिंकले. तेव्हापासून जिंकतच होते.

"म्हणजे मी लिंबूटिंबू," मी म्हटलं.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"मला रविवार पाहिजे होता," तो म्हणाला. "बाकी काय करायचं मला सुचलं नाही."

मी पट्टा सोडला आणि पडदा बंद केला. राग इतका आला होता की त्याचा निरोपही घेतला नाही. थरथर गाळणं म्हणजे चष्मा. चष्मा लावून वाचलेलं पुस्तक आपणच वाचलेलं असतं. हातभार म्हणजे दुसऱ्यानं वाचून संपवायचं आणि आपल्याला सांगायचं, छान वाचलंत हं. आणि हे माझ्याच भावानं, मीच सुचवलेल्या नावाखाली.

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते विचारू नका. संध्याकाळी पाचला जेवण उरकलं की पुढं काही नसायचं. आदूचे फोन यायचे, मी घेत नव्हते. एकदा चालत आमच्या जुन्या गल्लीत जाऊन आले. तिथं आता मंगल कार्यालयाचं पार्किंग आहे. पिवळ्या पट्ट्या मारलेल्या जमिनीवर उभी राहून मी पाण्याची टाकी कुठं होती ते शोधायचा प्रयत्न केला आणि मला सापडेना. घरी आले आणि तो गेम एकटीनं मांडला. मीच मांडला, म्हणजे हातभार बंद. माग सुरू झाले. मी टाकीपासून डब्यापर्यंत धावून बघितलं. बोटं आपटत, अडखळत, दोनदा भिंतीत घुसून मी कशीबशी पोचले. इतकी हळू की कुणीही सात वेळा नाव घेतलं असतं. पण पोचले ती मी होते. आणि डब्यापाशी उभी राहून सगळी गल्ली बघितली तर तिथं कोणीच नव्हतं. मला आदूची आठवण आली. त्याला बाहेर ठेवून मी कुणाची जिरवत होते?

पुढच्या रविवारी मीच फोन लावला. तो लगेच समोर आला, जणू पडद्याशी बसूनच होता. दाढी वाढली होती, मागं घर रिकामं दिसत होतं. खेळायचं का, मी विचारलं. थरथर गाळायची ती गाळू दे, चष्मा राहू दे. हातभार एक कण नको.

"अक्का, डाव लगेच संपेल."

"संपू दे."

राज्य त्याच्यावर होतं. तो मोजायला लागला आणि मी धावले. बीमांपर्यंत पोचायला जमलं नाही, म्हणून विजेच्या खांबामागं उभी राहिले. खांबामागं कोण मावतंय? वीज गेली, माग थांबले, आणि माझं बोट घसरून पोरीची चप्पल फरशीवर घासली. गल्लीभर आवाज झाला. आदू वळला. त्याचा पोरगा सरळ माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. मला त्याचा चेहरा दिसत होता, म्हणजे त्यालाही माझा दिसत असणार. मग तो हळूच वळला आणि टाकीमागं कुणी आहे का ते बघायला निघून गेला.

"बघितलंस तू मला," मी म्हटलं.

"नाही."

"आदू."

त्याचा पोरगा टाकीपाशी जाऊन थांबला. गल्लीत कॉम्प्युटरची पोरं आपापल्या जागी लपून बसली होती.

"मला नाव घेववत नाही," तो म्हणाला. "ही दोन वर्षं ते यंत्रच सगळं करत होतं. तुला हरवायचंय की नाही, ते मला कधी ठरवावंच लागलं नाही. आता मी नाव घेतलं की तू आउट, आणि मग तुला कामं निघतील."

मी म्हटलं, तू लहान होतास ना, तुझं नाव कोणी घ्यायचं नाही. तुला ते ठाऊक नव्हतं म्हणून बरं वाटत होतं. मला आता ठाऊक झालंय.

"मला ठाऊक होतं की," आदू म्हणाला.

"काय?"

"चौथीत असताना कळलं. मी तुझ्यासमोर उभा होतो, उघड्यावर, आणि तू माझ्या डोक्यावरनं पलीकडं बघितलंस."

"मग रडला नाहीस ते?"

"रडलो असतो तर घ्यायचं बंद केलं असतं तुम्ही. मला यायचं होतं."

एवढासा पोरगा घामाघूम होऊन धावत असायचा, आणि त्याला सगळं माहीत असायचं. घर सुटलं, देश सुटला, आता बायको सुटली, आणि हा अजून डावातनं कुणी बाहेर काढू नये म्हणून मुकाट्यानं धावतोय. मी पडद्याला हात लावला. पडद्यावर हात लावून काही होत नसतं, हे मला इतरांपेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

"मी येणार," मी म्हटलं. "हरले तरी येणार. हात चालेनासा झाला तर नुसती खांबामागं येऊन उभी राहीन. पण मला बघितलंस तर नाव घे. डोक्यावरनं बघू नकोस."

त्याचा पोरगा टाकीपासून सावकाश परत आला. खांबासमोर थांबला. मी पळाले नाही. पळून उपयोग नव्हता, आणि मला पळायचंही नव्हतं. तिकडं आदूनं श्वास घेतलेला ऐकू आला.

"त्रिशला ऐसपैस."

अक्का नाही, बाई नाही, गेमवाली नाही. नुसतं नाव, चांगलं मोठ्यानं, थोडं फाटलेलं. एरवी मला ह्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. डब्यावर त्याचा पाय पडला आणि पत्रा वाजला. मी आउट झाले. मला किती बरं वाटलं ते मी सदरात लिहून कुणाला पटवू शकणार नाही.

आता राज्य माझ्यावर होतं. मी भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. माग पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळं त्याची पावलं ऐकू येत नव्हती, पण तो इथंच कुठंतरी धावत होता. नियमानं पन्नासपर्यंत मोजायचं असतं. मी पन्नासला थांबले नाही, साठ झाले, सत्तर झाले, तरी मोजतच राहिले. डोळे उघडले की त्याला शोधावं लागणार, सापडला की डाव संपणार, आणि डाव संपला की तो फिनलंडला जाणार होता.